सोमवारची छाती

प्रिय दादा,

तुझ्यासाठी मी या हातांनी काय काय केलं, ते आधी लिहून काढतो. पाठ टेकायला सागवानी फळी, तीन उतारांवर अडकणारी, पितळी बिजागऱ्यांची. वाफ घ्यायला पत्र्याची किटली. तिची चोच तुझ्या नाकाला भाजू नये म्हणून दोनदा वाकवली आणि कडा कानशीनं घासली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला लावलेली घडीची बैठक, आपल्या तिसऱ्या मजल्यावर चढताना तुला दम खायला. मोर्च्यासाठी चिव्याच्या काठीवरचा फलक. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही अक्षरं मी पट्टी न लावता रंगवली आणि एकही ओळ खाली उतरली नाही. आणि शेवटी तुझी तिरडी. शेजारच्या बाबलीनं सुतळी आणली होती. मी परत पाठवली आणि काथ्या मागवला. सुतळी ताणली की सैल पडते.

हे सगळं चोख झालं होतं. म्हणून आधी सांगितलं. जे चोख झालं नाही, ते सांगायला हे उरलेलं पत्र आहे.

आजच का लिहितोय? उद्या सकाळी अकरा वाजता वहिनीच्या भरपाईच्या अर्जाची सुनावणी आहे. तिथे चार माणसांसमोर मला माझ्याच विरुद्ध बोलायचंय. ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये.

दादा, तुझा सोमवार आठवतोय? तू कार्डखात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रांवर. मी त्याच गिरणीत फिटर. रविवारी तू अगदी ठणठणीत असायचास. सोमवारी पाळी सुरू झाली की दुपारपर्यंत तुझी छाती आवळायची. कुणी दोरखंड बांधून ओढतंय असं वाटतं, म्हणायचास. मंगळवारी जरा उतार. शनिवारी तर भोंगा झाल्यावर तू बाबलीशी पैज लावून जिना चढायचास! आणि सोमवार आला की पुन्हा तेच.

मी शाळा सोडली चौथीत. पण यंत्र कसं वाचायचं ते मला कुणी शिकवलं नाही, मी शिकलो. यंत्र सोमवारी अडलं तर रविवारी त्यात काय शिरलं ते बघावं, हा माझा नियम. तो मी तुला लावला. रविवारी तुझ्यात काय शिरायचं? बांगडे! वहिनीच्या हातचे, तिरफळं घातलेले. सहा-सहा बांगडे एका बैठकीला. मी एका रविवारी फर्मान काढलं: बांगडा बंद.

‘बांगड्यान तुझा काय केल्यान रे?’ तू विचारलंस.

‘दमा केला,’ मी म्हटलं. वर तुला अर्धा तास समजावून सांगितलं. तेल, कफ, छाती. मराठी मासिकात वाचलेलं, इकडचं तिकडे जोडून.

तू ऐकलंस, दादा! मोठा भाऊ असून माझं ऐकलंस. ‘अनंता वाचता, तेका म्हायत आसतला,’ असं वहिनीला सांगितलंस. दोन वर्षं रविवारी तुझ्या ताटात डाळ. शेजारी बाबलीकडे तवा चरचरायचा आणि तू गॅलरीत जाऊन उभा राहायचास. एकदा मी तुला हाताला धरून आत आणलं. तेव्हा म्हणालास, ‘वास तरी घेवक दी रे, की तेकाय बंदी?’

मी हसलो होतो.

आणि छाती? ती काही ऐकेना. सोमवारचं दुखणं मंगळवारवर आलं, मग बुधवारवर, मग वार मोजण्यात अर्थ उरला नाही. खात्यात सगळे करायचे तेच तू करत होतास: गूळ खायचास. रुईचा धुरळा गुळाबरोबर खाली उतरतो, असं तुला पहिल्या दिवशी खात्याच्या मुकादमानं, जॉबरनं सांगितलेलं. कनवटीला गुळाचा खडा असल्याशिवाय तू कधी खात्यात शिरला नाहीस. तोही मी तुला चांगल्यातला आणून द्यायचो, कोल्हापुरी.

मोर्च्यात तू माझ्या पुढे चाललेलास. सगळा रस्ता घोषणांनी दणाणत होता आणि तुझे ओठ मिटलेले. मी मागून चिडून ओरडलो, ‘दादा, गप्प का? बोल की!’ तू वळलास. कपाळावर घाम, पण डोळ्यांत नेहमीची मस्करी. ‘फलक धरलंय मां? तोच वरडता माझ्याबदली.’ मला वाटलं तू कंटाळा करतोयस. तुझ्यात तेवढा वारा नव्हता, हे मला का दिसलं नाही? यंत्राचा आवाज जरा बदलला तर मला दोन खाती पलीकडून कळतो!

तू गेलास त्याला चार महिने झाले तेव्हा आपल्या वाचनालयात एका डॉक्टरांचं व्याख्यान झालं. तरुण माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. फळ्यावर छातीचं चित्र काढलं. चित्र बरं होतं. मग वळून त्यांनी एवढंच विचारलं, ‘सोमवारी छाती कुणाकुणाची आवळते?’

दादा, पहिल्यांदा कुणी हलेना. मग बाबलीनं हात वर केला. मग त्याच्या मागच्यानं. मग कार्डखात्यातली सगळी बाकं. एकमेकांकडे बघत होते सगळे, जणू प्रत्येकाला वाटत होतं की सोमवार आपल्या एकट्याचाच आहे.

डॉक्टर म्हणाले, हा रुईच्या धुरळ्याचा रोग आहे. विलायतेतल्या गिरण्यांत डॉक्टरांना तो आधीच दिसलाय, आता आपल्याकडेही त्याच्याकडे बघायला लागलेत. सुट्टीच्या दिवशी छाती मोकळी होते आणि सोमवारी पहिला धुरळा लागला की आवळते. वर्षं गेली की सुट्टीतसुद्धा मोकळी होत नाही.

बाबली उठला. ‘डॉक्टरसाहेब, मग सोमवारच काढून टाका की! मंगळवारपासून आठवडा चालू करा.’

मागून एक जण ओरडला, ‘त्यापेक्षा रविवारीपण गिरणी चालू ठेवा. छातीला पत्ताच लागणार नाही सुट्टी झाली ते!’

‘हे मालकांना सांगू नका,’ डॉक्टर म्हणाले, ‘त्यांना लगेच पटेल.’ सगळे हसले.

एक म्हातारा मात्र रागावला. ‘चाळीस वर्षं गूळ खाल्ला म्हणून इथं बसलोय. हे काल आलेले आम्हाला शिकवणार!’ डॉक्टर शांतपणे म्हणाले, ‘आजोबा, गूळ जरूर खा. पण गूळ पोटात जातो आणि रुई छातीत. त्या दोघांची गाठ पडत नाही.’ म्हातारा उठून गेला. जाताना गुळाचा खडा तोंडात टाकून गेला!

मग मी उभा राहिलो. मला विचारायलाच हवं होतं. ‘आणि रविवारी खाल्लेल्या मासळीचा याच्याशी काही संबंध?’

‘काही नाही. खुशाल खा.’

बाबली माझ्याकडे बघत होता. ज्याच्या तव्याचा वास तू दोन वर्षं घेतलास, तो बाबली.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. ‘दोन वर्सां मी तेंका नुसती डाळ वाढलंय,’ ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, दादा.

त्यानंतर युनियनच्या वकिलांनी वहिनीच्या नावानं अर्ज टाकला: पंचवीस वर्षं कार्डखात्यात, मृत्यू धुरळ्यानं. आणि पंधरा दिवसांत गिरणीतल्या साहेबांनी मला कचेरीत बोलावलं. खुर्ची दिली. फिटरला खुर्ची! टेबलावर एक कागद सरकवला.

‘अक्षर तुमचंच ना? फार सुंदर आहे हो.’

माझंच होतं. तुझ्या रजेचा अर्ज. सगळ्या चाळीचे अर्ज मीच लिहितो. माझ्या अर्जात खाडाखोड नसते, हे तू लोकांना मिरवून सांगायचास. तुझी रजा दोनदा नामंजूर झाली होती. तिसऱ्या वेळी मी अर्ज सजवला. ‘रविवारी आहारात हयगय झाल्याने दम्याने उचल खाल्ली असून, हा विकार आमच्या घराण्यात पूर्वापार आहे. आमचे तीर्थरूपही याच विकाराने कैलासवासी झाले.’

काय वाक्य होतं! लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं होतं. आठवतंय तू काय म्हणालास?

‘अरे, पण बापूस तर माडावरसून पडलो मां!’

‘दादा, अर्जात वजन लागतं,’ मी म्हटलं. तू मान डोलावलीस आणि हसत हसत अंगठा उठवलास. रजा मिळाली. आठ दिवसांची.

का नाही थांबवलंस मला? एवढा एक राग तुझ्यावर करू दे. तू माझा कान धरू शकत होतास. लहानपणी धरायचास की! मी चार पुस्तकं वाचली म्हणून तू कान धरणं सोडलंस, आणि मी ऐकणं सोडलं.

साहेबांचं म्हणणं साधं होतं. या अर्जातला मजकूर खरा आहे, एवढं नव्या कागदावर लिहून द्यायचं. घराण्यातला दमा म्हटला की गिरणीचा धुरळा सुटला. ‘तुम्ही काही नवीन खोटं लिहीत नाही आहात,’ साहेब म्हणाले. ‘तुमचंच जुनं आहे.’

मी नुसतं नको म्हटलं आणि उठलो.

वकिलांनी मला आधीच बजावलंय. गिरणीचे वकील विचारणार: तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय? सगळ्यांसमोर, चाळीतल्या माणसांसमोर. ज्यांचे अर्ज मी लिहिले ते सगळे ऐकणार, आणि प्रत्येक जण घरी जाऊन आपला कागद आठवणार. माझी नोकरी राहील की नाही, तेही सांगता येत नाही. आणि एवढं करून वहिनीचा अर्ज मंजूर होईलच, असंही वकील म्हणत नाहीत. हे दुखणं भरपाईच्या कायद्यातल्या रोगांच्या यादीत नाही, म्हणतात. म्हणजे मी खोटा ठरणार हे नक्की, बाकी काही नक्की नाही.

दादा, वचन देतो ते ऐक. उद्या मी अलंकार न लावता बोलेन. आपले वडील माडावरून पडून गेले. त्यांना दमा नव्हता, आपल्या घराण्यात कुणालाच नव्हता. ते वाक्य माझं, सजावटीसाठी घातलेलं. भावाला लिहिता येत नव्हतं, त्यानं माझ्यावर विश्वास ठेवून अंगठा दिला. बांगडेही मीच बंद केले, तेही सांगेन, कुणी विचारलं नाही तरी. आणि यापुढे कुणाचाही अर्ज लिहिताना, त्या माणसानं सांगितलं नाही ते एक अक्षरही माझ्या हातून कागदावर उतरणार नाही.

त्या नव्या कागदाच्या बदल्यात साहेबांनी काय देऊ केलं होतं, ते वहिनीला मी सांगितलेलं नाही. तिच्या डोक्यावर ते ओझं नको. बाबलीलाही सांगितलं नाही. तो अख्ख्या करी रोडला ऐकवेल. पण तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं आता ठरवलंय. हेड फिटरची जागा, पुढच्या महिन्यापासून. आणि रोख आठशे रुपये.

तुझा धाकटा,
अनंत