सोळावं गुणसूत्र

१४ सप्टेंबर
तिसऱ्यांदा. नववा आठवडा. अलिबागच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचा पडदा नेहमी माझ्याकडे वळवतात. आज वळवला नाही, तेव्हाच कळलं. "ठोके नाहीत, मनीषा." नवरा बाहेर चपलांपाशी उभा होता. दिनेशला आत बोलावलं तर त्याने आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.
या वेळी जे निघेल ते तपासायला मुंबईला पाठवायचं ठरलं. परवा सकाळी दाखल.
येताना रेवदंड्याच्या पुलावर तो म्हणाला, "चहा घेऊ?" नको म्हटलं. त्याला हवा होता बहुतेक.

१७ सप्टेंबर
काल झालं सगळं. घरी. पोटात पाळीसारखंच दुखतंय, जास्त नाही. जास्त दुखायला हवं होतं असं वाटतं.
आईला फोन केलेला नाही. तिकडे पेणला ती कॅलेंडरवर आठवडे मोजत असेल.
दि. कामावर गेला. आगरदांडा ते दिघी, दिघी ते आगरदांडा, दिवसभर फेरीबोटीच्या इंजिनापाशी. त्या आवाजात निदान विचार तरी करता येत नसेल.

२२ सप्टेंबर
कॉलेज. स्टाफरूममध्ये शेजारच्या खुर्चीवरून: "डेंग्यू का गं? तोंड बघ केवढंसं झालंय." हो म्हटलं. मग पपईच्या पानांच्या रसावर पंधरा मिनिटं. ऐकलं. सोपं होतं ते.

६ ऑक्टोबर
रिपोर्ट. सोळाव्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती. असा गर्भ जगत नाही. मुलगा की मुलगी ते छापलेलं नसतं, कायद्याने. बरंच आहे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच शिकवता हे." दि.साठी त्यांनी सांगितलं तरी. पेशी दुभागण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. मूळ आणि नक्कल वेळेआधी सुटू नयेत म्हणून कोहेसिन नावाचं प्रथिन दोघांना कड्यासारखं वेढून धरतं. बाईच्या अंड्यात ही कडी तिच्या जन्माआधीच बसतात. पुढे नवी बसत नाहीत, असं समजतात. वर्षं जातात तशी गळत जातात. मी एक्केचाळीस. धरून ठेवणारं कमी पडलं, वाटणी चुकली.
दि.: "म्हणजे... कुणाकडून?"
"बहुतेक वेळा अंड्याकडून."
त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. क्षणभरच. त्याला लपवता आली नाही आणि मला नजर वळवता आली नाही. बाहेर आल्यावर त्याने माझी पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली. असं तो कधी करत नाही.

११ ऑक्टोबर
आई आली. सांगावंच लागलं. तिन्ही वेळचं.
सारखी एकच विचारणा, कशानं, कशानं. काय उचललंस, बोटीतून गेलीस का, उपास केलास का. मला ती यादी थांबवायची होती. म्हणून वर्गात बोलते तशी बोलले. "आई, माझ्या हातात काहीच नव्हतं. माझी अंडी मी तुझ्या पोटात असतानाच तयार झाली. तेव्हा जे बसलं, तेच आजपर्यंत पुरवायचं."
तिची यादी थांबली. वाटलं, समजलं.
मग भांडी घासताना, पाठमोरीच: "तवा मी मिठागरान व्हते गो. सातवा लागला तरी. डोक्यावर मिठाची पाटी."
"तसं नाही गं, आई."
"एकच येल जेवायची मी."
मूर्ख. मूर्ख मी.

१२ ऑक्टोबर
सकाळच्या एसटीने गेली. चार वेळा समजावलं की हे वयाचं आहे, कुणाच्याही बाबतीत होतं, पाटीचा काही संबंध नाही. मान हलवत होती. गाडीत बसल्यावर खिडकीतून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. माफी मागितल्यासारखा. माझ्याकडे.

१८ नोव्हेंबर
अकरावीला पेशीविभाजन. दरवर्षी लोकरीचे धागे आणि रबरबँड घेऊन जाते. आज नेले नाहीत, फळ्यावरच काढलं.
पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग अंडं नवीन प्रथिन का नाही बनवत?"
"बनवत नसावं असं दिसतं."
"पण का?"
"माहीत नाही."
मागचे हसले, मॅडमना येत नाही म्हणून. फळा पुसत राहिले. पुसून झाला होता तरी.

२४ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या डॉक्टरांचं नाव दिलंय. दुसऱ्या, तरुण बाईचं अंडं घ्यायचं, दि.चं बीज, वाढवायचं मी. किंवा पुन्हा आपलंच बघायचं, आणि बहुधा पुन्हा हेच.
दि.: "तू म्हणशील तसं." हे वाक्य मला सहन होत नाही. ओरडले त्याच्यावर. तुला काय वाटतं ते सांग एकदा तरी.
बराच वेळ पायातली चप्पल काढ-घाल करत होता. मग म्हणाला, "मला तुझ्या नाकाची पोरगी पाहिजे होती. नाय मिळाली तरी..."
कामावर गेला.

९ डिसेंबर
मांडव्याहून बोटीने मुंबई. आई हट्टाने बरोबर आली. आयुष्यात पहिल्यांदा गेटवेला उतरली, पण वर बघितलंसुद्धा नाही.
डॉक्टर तरुण, सभ्य. आमचं बोलणं संपायची वाट बघत आई पदर घट्ट धरून बसली होती. मग: "डॉक्टर, ही पोटान व्हती तवा मी मिठागरान पाटी व्हायची. हे माज्यामुलं झाला का?"
त्यांनी पेन खाली ठेवलं. "नाही आजी. तुम्ही मिठागरात असता काय, नाहीतर महालात असता काय, एक्केचाळिसाव्या वर्षी हे होऊ शकतं. तुमचा काही दोष नाही."
आई हसली. मला इतकं हलकं वाटलं की जिन्यात रडू आलं.
परतीच्या बोटीत, दि. वर डेकवर गेल्यावर, हळूच म्हणाली: "डॉक्टर चांगला हाय. माज्या तोंडावर कसा खरा बोलंल?"

१८ डिसेंबर
मुंबईहून फोन. अंडं देणारी मिळतेय. या आठवड्यात हो की नाही कळवा.
फॉर्मवर दि.ची सही झालीये. विचारलं, मनापासून केलीस? म्हणाला, "केली ना." तेवढंच.
दुपारी आईला फोनवर सांगितलं. वाटलं होतं, परकं रक्त वगैरे काढेल, मग भांडता येईल. तर ती चटकन म्हणाली, "दुसरीचा घे गो. माज्यातला काय नको त्या पोराला."
आता हो म्हटलं की तिच्या लेखी ते शाबीत होणार. आणि तिच्यासाठी नाही म्हणायचं, तर पुन्हा तो न वळवलेला पडदा. आणि मला स्वतःला काय हवंय ते तर...
तिकडे पेणला तिच्या दाराशी कोंबड्या ओरडत होत्या, त्या ऐकू येत होत्या.
"ऐकतेस ना गो?"
"ऐकतेय."
फोन दोघींपैकी कुणी ठेवला नाही.