भिंतीकडचा पलंग

४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद आणि एक हलकी चापट. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे, भावोजींचा खोकला थांबला का, हे आधीच विचारून घेते, म्हणजे पुढे मला माझंच बोलता येईल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

तू सुचवलेली तिन्ही हॉटेलं पाहिली. शहरात दोन रात्री राहायचं, पाय दुखेपर्यंत हिंडायचं आणि कुणालाही जेवायला वाढायचं नाही, हा बेत मला अजून मान्य आहे. पण तुझी निवड म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. पहिल्याच्या गच्चीवर पोहायचा तलाव आहे. आपल्या दोघींपैकी पोहतं कोण? दुसऱ्याच्या फोटोत पलंगावर उशांचा डोंगर रचलाय. गाद्यांच्या दुकानात जन्म काढलेल्या बाईला विचार. जिथे उशा फार, तिथे गादीत काहीतरी झाकायचं असतं. तिसऱ्याचं न्हाणीघर काचेचं, खोलीतून आरपार दिसतं. तुला मी लहानपणी पुष्कळ आंघोळ घातली आहे, पण आता नको.

मी एक शोधलंय. बसस्थानकाच्या मागे, तीन मजली, निळ्या खिडक्यांचं. फोटो अगदीच बेताचे आहेत. पण राहून गेलेले लोक खाली अभिप्राय लिहितात ना, ते तू वाचत नाहीस, नुसत्या चांदण्या बघतेस. मी वाचते. एकाने लिहिलंय, लिफ्ट कण्हत कण्हत वर जाते. एका बाईला गरम पाणी मिळालं नाही. पण प्रत्येकाला हॉटेलकडून उत्तर गेलंय, आणि उत्तरं फार चांगली आहेत. त्या बाईला लिहिलंय, "एवढ्या थंडीत तुम्हाला गार पाणी अंगावर घ्यावं लागलं, वाईट वाटलं. आता रोज सकाळी आमच्यातलं कुणीतरी स्वतः नळ सोडून हात लावून बघतं." एक गृहस्थ भिंतींच्या रंगावरून फारच वेडंवाकडं बोलले होते. त्यांना उत्तर, "रंग आम्हालाही आवडत नाही. मालकांना आवडतो." दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मी मोठ्याने हसले.

जिथे असं उत्तर देणारं माणूस आहे, तिथे राहावं असं मला वाटतं. तेच ठरवू या. उगाच वाद घालू नकोस.

तुझी,
थोरली


१५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. त्यात मजकूर कमी आणि फटके जास्त होते. भावोजींना आल्याचा रस द्यावा असं मी लिहिणार होते, पण तू आधी माझंच औषध काढलंस.

बसस्थानकामागे बघण्यासारखं काय आहे, असं विचारतेस. काही नाही. नदी लांब, बाजार लांब, समोर टायरचं दुकान. "ताई, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस?" असं तू लिहिलंस, ते वाचून मी पत्र घडी करून ठेवून दिलं आणि संध्याकाळी परत उघडलं. लपवत होते. भांडं मोठं आहे, पदराआड मावत नव्हतं.

तिथे स्वागतकक्षात आपली कापशी आहे.

हॉटेलांना अभ्रे पुरवणारा तो बडबड्या दुकानात येतो ना, तो म्हणाला, "तुमची मुलगी तिथली मुख्य झालीय की. तक्रारींना उत्तरं तीच लिहिते." मी म्हटलं, "हो, माहितीये मला." मला कुठलं माहीत असायला. तो गेल्यावर मी चष्मा पुसून बसले आणि तिची सगळी उत्तरं वाचून काढली. तेव्हापासून रोज दुपारी वाचते. नवीन नसलं तर जुनीच वाचते.

ती घरातून कशी गेली ते तुझ्यासमोरच घडलं. "लोकांची अंथरुणं घालायची असतील तर खुशाल जा. पण परत आलीस तर दुकानात बसायलाच ये, नाहीतर येऊ नकोस." तिचे वडील बोलले आणि ती गेली. गरम डोक्याचा माणूस, महिन्याभरात निवले असते. पण ही त्यांच्याच वळणावर गेलेली. ते वारले तेव्हा आली, सगळं होईपर्यंत भिंतीला टेकून उभी राहिली आणि संध्याकाळच्या बसने परतली. त्यांचं ते बोलणं त्यांच्याबरोबर जायला हवं होतं, ते घरातच राहिलं. मी फोन करते तर ती म्हणते, "बरी आहे. तू गोळ्या घेतेस ना? कामात आहे, ठेवते." मीही ठेवते. आणि कुणा परक्याला टॉवेल खरखरीत लागला, तर त्याला मात्र ती पानभर लिहिते, अगदी कळवळून. धाकटे, मला त्या टॉवेलवाल्याचा हेवा वाटतो.

आता खरं सांगते. गेल्या महिन्यात एकाने गादी मध्ये खचल्याची तक्रार केली होती. कापशीचं उत्तर असं: "गादी आज उलटवली आणि उशाकडची बाजू पायाकडे केली. गादीलाही कूस बदलायला लागते." हे वाक्य कुणाचं, तुला सांगायला नको. तिचे वडील गादी विकताना प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच ऐकवायचे, आणि आपण दोघी मागे तोंड दाबून हसायचो. येऊ नकोस म्हणणाऱ्या बापाचं वाक्य तिने जवळ ठेवलंय. मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि कापसाच्या ढिगात तोंड खुपसून रडले. लहानपणी ती त्याच ढिगात झोपायची, म्हणून तर कापशी.

तेव्हा मला तिथेच जायचंय. तू बरोबर हवीस, एकटीने मला दारातून आत जाववणार नाही. पण खोली माझ्या नावाने नको. नाव बघून तिने त्या दिवसांची रजा टाकली तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, रजा न टाकता समोर उभी राहिली आणि सगळ्या पाहुण्यांना म्हणते तसं मलाही "नमस्कार, प्रवास कसा झाला?" म्हणाली तर? मला त्याचीच धास्ती आहे.

तुझ्या सुनेच्या नावाने खोली घे. तिने माहेरचं नाव ठेवलं म्हणून तू वर्षभर कुरकुरलीस, आता तेच उपयोगी पडतंय. तिथे "खास विनंती" म्हणून एक चौकट असते. त्यात सुनेला सांगून एवढंच लिही: "दोन वयस्कर बायका येत आहेत. पलंग वेगळे हवेत. एक भिंतीला लागून असावा, कारण एकजण घोरते आणि झोपेत पडते. दुसरीला पातळ उशी लागते. गादी आदल्या दिवशी उन्हात टाकता आली तर बरं."

घोरतेस म्हटलं म्हणून रागावू नकोस. आख्खी गल्ली साक्षीला आहे.

तुझी,
थोरली


२७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद नंतर. आधी हे वाच.

काल तुझ्या सुनेने हॉटेलचं उत्तर माझ्या फोनवर पाठवलं. वर "आमच्याकडे स्वागत आहे" वगैरे छापील मजकूर आहे, आणि त्याच्याखाली असं:

"विनंती वाचली. तिसऱ्या मजल्यावरून देखावा चांगला दिसतो, पण ती खोली देत नाही. लिफ्टचा भरवसा नाही आणि त्या गुडघ्याने जिना चढायचा नाही. पहिल्या मजल्यावरची ठेवली आहे. घोरणाऱ्या बाईंना भिंतीकडचा पलंग, आणि पडल्याच तर खाली सतरंजी. गादी गच्चीवर उन्हात टाकू. पातळ उशी आमच्याकडे नव्हती. एक उसवून कापूस कमी केला आणि परत शिवली. टाके ओळखू येतात का, ते बघून सांगावं."

गुडघ्याचं आपण एका अक्षराने लिहिलं नव्हतं.

सुनेचं नाव काही कामाला आलं नाही. मी तिला लांबून वाचत होते आणि मला वाटत होतं, ती मला वाचणार नाही. उन्हात टाकलेली गादी हॉटेलात मागणारी बाई जगात दुसरी कोण असणार? तू म्हणालीच होतीस, ही विनंती नसून दुकानाची पाटी आहे.

मग शेवटी आणखी दोन ओळी आहेत. त्यांची खात्री करायला तुझी सून हॉटेलात परत फोन करणार होती, मी नको म्हटलं.

"बसस्थानकावर पाहुण्यांना घ्यायला माणूस पाठवायची सोय आमच्याकडे नाही. मी स्वतः येते."

सकाळपासून मी दुकानात नुसती इकडची गादी तिकडे करतेय. गिऱ्हाइकाने दोनदा विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, छान आहे. तिच्यासमोर काय बोलायचं ते बसमध्ये तुझ्यावर आजमावून बघणार आहे, तेव्हा कृपा करून मध्ये बोलू नकोस आणि झोपूही नकोस. दुकान तिच्या गळ्यात घालायला मी जात नाही. ते मी आहे तोवर चालवीन, मग बंद पडलं तर पडू दे. तिला सांगणार आहे की तुझ्या वडिलांचं ते बोलणं मी परत घेते. घरात आता मोठी मीच आहे, एवढा अधिकार मला आहे. कामाला हवं तिथे जा, पण सुट्टी मिळाली की घरी ये, नुसती झोपायला ये. तिची गादी मी कालच उलटवून ठेवली.

चांगला गरम कोट घे आणि गुडघ्याचं तेल विसरू नकोस. नाहीतर ती मला ओरडेल. ओरडू दे म्हणा, मला चालेल.

शुक्रवारी सकाळच्या बसला भेटू.

तुझी थोरली,
आणि पुष्कळ दिवसांनी लिहितेय,
कापशीची आई