वेदीला पाठ करून

नेपल्स, ४ मार्च १६४१

प्रिय पोर्झियाताई,

धाकट्याचा नमस्कार घे. तू आणि भावोजी खुशाल असाल. इथे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चाललेत, मांस बंद. रोज खारवलेला मासा, त्यामुळे माझ्या बायकोची जीभही खारट झालीय. बाकी ठीक.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. माझी एक फजिती झालीय, ती तुलाच सांगावीशी वाटली.

बंदराजवळच्या आपल्या चर्चमधलं, वेदीमागचं मोठं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं. प्रभूला क्रुसावरून उतरवतात तो प्रसंग. शिडीच्या टोकापासून देह तिरका घसरत खाली येतो, पांढऱ्या कापडासकट. नजर वर ठरतच नाही, थेट मरियेच्या तोंडावर येऊन थांबते. सगळीकडे काळोख आणि उजेड तेवढा तिथे. दोन वर्षं खपलो गं. परवा चित्र वेदीवर चढवलं. फादर इप्पोलितो आधी चित्राकडे, मग खिडकीकडे बघून म्हणाले, "अनिएल्लो, माझ्या चर्चमध्ये ऊन उजवीकडून येतं. तुझ्या चित्रात डावीकडून. देवाने तुझ्यासाठी दुसरा सूर्य काढला का रे?"

अगं, मापं घेताना मी वेदीला पाठ करून उभा होतो! खिडकी डावीकडे, असं लिहून मोकळा झालो. बाबा असते तर कानच उपटला असता. आठवतं, अंड्याभोवती मेणबत्ती फिरवायला लावायचे ते? तू मेणबत्ती धरायचीस, मी सावली काढायचो, आणि बाबा ओरडायचे, "आधी खिडकी शोध, मग देव काढ!" शेवटी ते अंडं तू मलाच द्यायचीस, तुला आवडत नाही म्हणून. खोटारडी! किती सुखाचे दिवस होते ते. बोटं मेणाने भाजायची तुझी, पण हूं की चूं केलं नाहीस कधी.

ईस्टरला चित्रावरचा पडदा सरेल. त्याआधी सगळा उजेड फिरवायचाय. बाकीच्यांचं जमेल, प्रभूच्या आईचा चेहरा जमत नाही. शेजारच्या फिलोमेनाला बसवलं, तर ती रडते कांदा चिरल्यासारखी. मासळीवाली डोकावून म्हणाली, "आधीची बाई खरी होती. हिला घरी पाठवा."

आधीची बाई तू आहेस, ताई.

तुझी तेक्ला तापाने गेली त्या सकाळी खिडकीच्या फटीतून ऊन तुझ्या गालावर पडलं होतं, आणि मी कोपऱ्यात बसून कोळशाने तुला काढत होतो. तू मान वर केलीस. माझ्या हाताकडे पाहिलंस. आठवड्याभरात गाएताला निघून गेलीस. भावोजींना तिकडे काम मिळालं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. स्वतःलाही तेच सांगत आलो. आई होऊन वाढवलंस मला, आणि तुझं लेकरू गेलं तेव्हा मला उजेड दिसला. लाज वाटते गं.

खरं सांगू? हे पत्र लिहायला बसलो तो तुला बोलवायला. ये, एकदा दुसऱ्या बाजूने बस, असं विचारणार होतो. कोडगेपणाची हद्द झाली! लिहिता लिहिता माझं मलाच कळलं. नाही विचारत. आईचा चेहरा अंधारात ठेवतो. ऊन तिच्या हातांवर पडेल, तेवढं पुरे. फादर कुरकुरतील, कुरकुरू देत.

सोबतच्या नळीत त्या सकाळचा तो कागद आहे. फाडायचा तर फाड. पण आधी पूर्ण उलगडून बघ. चित्रात मी फक्त तुझा चेहरा घेतला, पण त्या सकाळी तुझ्या मांडीवरच्या तेक्लालाही काढलं होतं. कपाळावरची बट, अर्धवट उघडं तोंड, सगळं तिचंच. तुझ्याकडे तिचं एकही चित्र नाही, हे मला ठाऊक होतं. तरी अकरा वर्षं मी कागद माझ्या पेटीत दाबून ठेवला, मला चेहरा लागेल म्हणून.

आता पोर तुझ्याकडे येतेय. सांभाळून घे.

तेव्हा उठून तुझ्याजवळ यायला हवा होता तो, तुझा भाऊ
अनिएल्लो