राजाची अडीच घरं

कळंब,
फेब्रुवारी १९६३

प्रिय अनंत,

शब्बीरचा सलाम. पत्र पाहून दचकू नको. अण्णा आहेत, जेवतात, फिरतात. आधी तेवढं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. शुद्धलेखनाकडे मात्र पाहू नको. तुझ्या वडिलांनी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारता सुधारता तहसिलीतून पेन्शन घेतली, पण मी सायकलवाला तो सायकलवालाच राह्यलो.

यंदाची बुद्धिबळाची स्पर्धा संक्रांतीनंतर धर्मशाळेत पार पडली. कापसाची वेचणी उरकत आलती, म्हणून लोकं गंज जमले. मारेगावचे वकील मोटारीनं आले, आर्णीकडचे बैलगाड्या जुंपून. तू पाडलेले तीन गट अजून तसेच आहेत, कच्चे, पिकते अन् पक्के. कच्च्यांत एक आजोबा आपल्याच नातवाकडून हरले अन् रुसून पायरीवर जाऊन बसले. शेवटी तुझ्या फरीदा वहिनीनं चहा पाजून त्यांची समजूत काढली. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

नागपूरहून तू नव्या नियमांचं पुस्तक आणलं तेव्हा अण्णा कसे भडकलते, आठवते ना तुले? आपल्या देशी खेळात शह बसायच्या आधी राजाले एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मारता येते. तुझ्या पुस्तकानं ती काढून घेतली. राजाचे पाय कायले बांधतोस, म्हणे. मग छप्पन साली तुझी कचेरी मुंबईला हलली, तू तिच्यामागं निघालास, अन् ओसरीवर जे बोलणं झालं ते मी कानानं ऐकलं आहे. गेलास तर परत तोंड दाखवू नको, असं ते म्हणाले. तूही खरंच दाखवलं नाहीस. बाप तसा बेटा. तुमच्या दोघांच्या मधात मी मात्र फुकटचा भरडलो.

पण तुले जे माहीत नाही ते आज सांगतो. तू गेल्यावर अण्णांनी ते पुस्तक अक्षरन् अक्षर पाठ केलं. माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गावोगाव फिरले, शेतकऱ्याले, शिंप्याले, पोरासोरांले नवे नियम शिकवले. कोणी सवयीनं देशी चाल केली की त्याचा हातच धरायचे. अन् स्पर्धेच्या हँडबिलावर दर साली चिटणीस म्हणून तुझंच नाव. एकदा मी विचारलं, काहून? तर म्हणे, त्याचा राजीनामा कुठं आला आहे? घरात तुझं नाव निघत नव्हतं, पण ते छापून मात्र गावभर वाटलं जायचं.

यंदा पक्क्यांच्या गटात अण्णांची गाठ फुलसिंगशी पडली. हा आर्णीजवळच्या तांड्यावरचा, अण्णांनीच तयार केलेला. डाव चांगला रंगात आलता. अण्णांनी राजा उचलला अन् घोड्याच्या चालीनं अडीच घरं नेऊन ठेवला. वरून निवांतपणे चष्मा पुसत बसले. लोकं हसले, त्यांले वाटलं अण्णा गंमत करून राह्यले. फुलसिंग हसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आपला राजा आडवा केला अन् हात जोडून म्हणाला, हारलो जी अण्णा मी. पंच मी होतो. चाल रद्द करणं माझं काम होतं. माझ्यानं झालं नाही, बाप्पा. अण्णा खुशीत होते. घरी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चल अनंता.

म्हटलं, थकले असतील. पण तेव्हापासून तसंच चालू आहे. नवं नवं आधी पुसून जाऊन राह्यलं, जुनं तेवढं उरलं. यवतमाळच्या डॉक्टरांले दाखवलं, ते म्हणाले हे आता वाढतच जाणार. संध्याकाळी दुकान बंद करून जातो तर दारातच विचारतात, सुमेधाला का नाही आणलंस? तुझ्या बायकोचं नाव त्यांले ठाऊक आहे हे मलेच माहीत नव्हतं. सुरुवातीले मी सांगायचो की अण्णा, मी शब्बीर. तर त्यांचं तोंड एवढंसं होऊन जायचं. मग मी सांगणं सोडून दिलं.

परवा त्यांनी माझा हात धरला. माझंच चुकलं रे, म्हणाले, पोटच्या पोराला असं बोलायला नको होतं. अन् रडले. मी काय करू? म्हटलं, मी आलो ना अण्णा, आता कुठी जात नाही. तेव्हा शांत झाले, दोन घास जेवले. मी घरी येऊन फरीदासमोर ढसाढसा रडलो. ते बोलणं तुझ्यासाठी होतं अनंता, अन् ते मी ऐकून घेतलं. तुझ्या नावानं वचनही देऊन बसलो. आज गेलो तर त्यांनी मले अनंतही म्हटलं नाही, शब्बीरही नाही. कोण पाहिजे तुम्हाला, म्हणून विचारलं. मी म्हटलं, अण्णा, अनंत आला. तेव्हा कुठं त्यांनी हात पुढं केला. चेहरे गेले, नाव अजून राह्यलं आहे. तेही जायच्या आधी ये.

तुझाच,
शब्बीर