वेनिंगचं कापड

दादा,

वेनिंग गेली त्या दिवशी तिच्या अंगावर मी तिनेच रंगवलेलं बातिक पांघरलं होतं. तू ते काढलंस. "तीन पायांचे पक्षी? लोक हसतील," म्हणालास आणि बाजारातलं कापड पांघरलंस. आलेल्यांना सांगितलंस, "बिचारी जन्मभर लहान मूलच राहिली."

गल्लीत कोणी "प्रामोनोची वेडी बहीण ना तू?" असं विचारलं, की ती मेणाने माखलेली बोटं दाखवून म्हणायची, "मी बातिकवाली. प्रामोनो माझा भाऊ."

आता जाकार्तातल्या प्रदर्शनात तिच्या पक्ष्यांचं कौतुक झालं, तेव्हा ते कापड तुला दिवाणखान्यात लावायचंय. ते मिळणार नाही. बाजारातलं, दफनाआधी तिच्या अंगावरून काढलेलं, मी धुऊन, इस्त्री करून ठेवलंय. ते घेऊन जा.

वेनिंग बातिकवालीची बहीण,
लास्त्री