पुढची खोली, बाजाची पेटी आणि सुकलालचे आमेन

मी, रंभाबाई काशीराम पगारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, पूर्वी मराठी शाळेत शिक्षिका, सध्या निवृत्त, राहणार गोडादरा, सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने व स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असल्यास एकोणतिसाचा पाढा विचारावा, उलटा म्हणून दाखवीन. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा तो कधीच कोणाचा चालला नाही, हे माझे दिवंगत पती काशीराम सांगू शकले असते. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. पण टेबलावर मला झोपायचे आहे, त्यांना नाही, म्हणून ही लिखापढी.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे खाली पुढची खोली व स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या, माझा मुलगा राकेश व सून वृषाली यांना समान हक्काने देते. राकेश कामरेजला राहतो. पुढच्या खोलीला शटर लावून ती दुकानासाठी भाड्याने द्यावी असे त्याच्या मनात आहे. मला त्याने सांगितलेले नाही, पण मागच्या नाताळात सगळे केक खात असताना हा टेप घेऊन खोली मोजत होता. म्हणून अट घालते. दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेअकरा ही खोली आमच्या मराठी मंडळीच्या उपासनेची राहील, जशी ती गेली सत्तावीस वर्षे आहे. निदान दोन माणसे येतात तोवर ही अट लागू. एकच आला, तर त्याने दुसऱ्याला घरून उठवून आणावे.

कलम २. हे कलम मालमत्तेचे नाही, पण राकेशने ते दोनदा वाचावे. तो म्हणतो, "आई, देव सगळीकडे आहे. मोबाइलवर पण आहे. मग तुझ्याच खोलीत गर्दी कशाला?" देव सगळीकडे आहे हे मीच त्याला शिकवले, तेव्हा त्यावर वाद नाही. पण लॉकडाऊनमध्ये आमची उपासना मोबाइलवर भरत असे. तिथे उषाबाईंचे नाव दर रविवारी दिसायचे. आम्ही समाधानी, की उषाबाई आल्या. नाव त्यांचा नातू लावून देत होता. उषाबाई बारा दिवस तापाने पडून होत्या आणि आम्ही त्यांच्या नावाकडे बघून गाणी म्हणत होतो. त्या वाचल्या म्हणून आज हे लिहिता येते. या खोलीत उषाबाईंची खुर्ची एक रविवार रिकामी राहिली असती, तर पहिल्या गाण्याच्या आतच चार जणांनी विचारले असते. मला त्याची अजून लाज वाटते.

कलम ३. बँकेत जे असेल ते राकेश व वृषालीने निम्मे-निम्मे घ्यावे. भांडू नये. भांडण्याइतके ते नाही.

कलम ४. मंडळीचा हजेरीपट मी वृषालीला देते. हो, मी उपासनेची हजेरी घेते. पाळकसाहेब एकदा म्हणाले, "बाई, ही काही शाळा नाही." मी म्हटले, "खरं आहे साहेब, शाळेत इतके गैरहजर नसायचे." हा हजेरीपट शिक्षेसाठी नाही, हे वृषालीने लक्षात ठेवावे. जो सकाळी आला नाही, त्याच्या घरी संध्याकाळी जाऊन यायचे असते. चहा दिला तर घ्यावा, नाही दिला तरी बसावे. लाल शाईचे पेन हजेरीपटाच्या खिशात आहे.

कलम ५. भिकन उमाप यास मी काहीही देत नाही. तो लूमवर रात्रपाळी करून थेट उपासनेला येतो आणि प्रवचन सुरू झाले की मागच्या रांगेत घोरतो. मी त्याला पुष्कळ बोलले आहे. तरी खरे सांगायचे तर त्या घोरण्याचा मला आधार वाटतो. निदान माणूस आलेला आहे हे कळते. काही न देण्याचे कारण वेगळे आहे. आमचे वकील म्हणाले, "मासी, जिसको कुछ दोगे, उसकी साक्षी मत लेना. उसका हिस्सा जाएगा." भिकन माझा पहिला साक्षीदार आहे. दुसरा आमच्या मंडळीचा सेक्रेटरी संदीप.

कलम ६. काशीरामची बाजाची पेटी मी शेजारी सुकलाल मोरे यास देते, कारण ती वाजवता येणारा गल्लीत तोच एक आहे. तो गेली सहा वर्षे या खोलीत आलेला नाही. घडले ते असे. उपकारस्तुतीच्या सणाला चाळीस पाने मांडलेली. जेवणाआधी प्रार्थना करायला सुकलाल उभा राहिला. वीस मिनिटे झाली. तो नंदुरबारच्या पावसापर्यंत पोहोचला होता आणि आतल्या चुलीवर माझा भात लागत होता. मी मध्येच मोठ्याने "आमेन" म्हटले. चाळीस भुकेल्या माणसांनी माझ्यामागे म्हटले. सुकलालने डोळे उघडले, चपला घातल्या आणि न जेवता गेला.

तेव्हापासून तो घरीच मोबाइलवर कुठल्यातरी मोठ्या मंडळीची उपासना लावतो. आमच्या दोन घरांत चार इंची भिंत आहे. इकडे आमचे गाणे, तिकडे त्याचे, दोन्ही भिंतीवर आपटतात. त्याचा मोबाइल मधेच अडकतो. मग तो हळूच आमच्याच गाण्याला सूर देतो. मला ऐकू येत नाही असे त्याला वाटते. मी माफी मागायला तीनदा दारापर्यंत गेले आणि तीनदा कोथिंबीर मागून परत आले. चूक माझी होती. भात तसाही करपलाच.

कलम ७. वरील मजकूर काल लिहिला. हे कलम आज मंगळवारी, सह्यांच्या वेळी, सर्वांसमोर लिहीत आहे, कारण घोटाळा झाला आहे. वकील पर्वत पाटियाहून दहा वाजता घरी आले. भिकन आला. संदीपचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "बाई, मार्केटमध्ये अडकलोय. मी मोबाइलवरून बघतो ना, तुम्ही सही करा." वकील म्हणाले, "नहीं चलेगा. साक्षी को सामने बैठना पडेगा." हे मी पाच वर्षे सांगते आहे, तेव्हा कोणी ऐकले नाही; आता कायदाच सांगतो म्हटल्यावर सगळ्यांना पटले. पण दुसरा साक्षीदार कुठून आणायचा? उद्या मला दवाखान्यात दाखल व्हायचे आहे.

मी लाटणे घेतले आणि भिंतीवर तीनदा ठोकले. पलीकडून आवाज आला, "काय व्हयनं वं बाई?" मी म्हटले, "सुकलालभाऊ, जरा इकडे या. माझं चुकलं." सहा वर्षांत जे दारातून बोलता आले नाही ते भिंतीतून बोलले गेले. तो आला, चपला बाहेर काढल्या आणि कोणी न सांगता पंख्याखालच्या आपल्या जुन्या खुर्चीवर बसला.

त्याने सगळे मृत्युपत्र बोट ठेवून वाचले. सहाव्या कलमाखालून बोट दोनदा फिरवले. वकिलांनी त्याला समजावले की, पेटी घे नाहीतर साक्षीदार हो, दोन्ही जमणार नाही. सुकलाल म्हणाला, "माले पेटी नको. मन्ही जागा माले दे."

सबब सहाव्या कलमातली पेटीची देणगी रद्द. पेटी वृषालीच्या नावे, पण ती पुढच्या खोलीतून हलवायची नाही. ज्याला वाजवायची असेल त्याने रविवारी साडेनऊला यावे.

सहीआधी सुकलाल प्रार्थनेला उभा राहिला. वकिलांनी तीनदा घड्याळ पाहिले. भिकन घोरू लागला. स्वयंपाकघरातून डाळ लागल्याचा वास आला. मी ओठ घट्ट मिटून बसले. पंचविसाव्या मिनिटाला सुकलालने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "वं बाई, आते तरी आमेन म्हन!" मी म्हटले. रडत म्हटले, हे लपवत नाही.

कलम ८. येत्या रविवारी माझ्या नावापुढे लाल शाईने गैरहजर लिहावे, दवाखान्यात असेन तरी आणि नसेन तरी. संध्याकाळी काय करायचे ते कलम ४ मध्ये लिहिले आहे.

हे सर्व वाचून, समजून, चष्मा लावून मी सही केली.

रंभाबाई काशीराम पगारे

आम्ही याच खोलीत समोर बसून बाईंना सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:

१. भिकन उमाप (उठवून सही घेतली)
२. सुकलाल मोरे (हजर)

ठिकाण: पुढची खोली, गोडादरा, सुरत
दिनांक: मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५