पळालेल्या वीजमाणसाचा आवाज

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, धंदा आवाज देण्याचा, हे मृत्युपत्र राहत्या घरी पुढच्या खोलीत बसून, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. डॉक्टरांनी काल मला तपासलं आणि बुद्धी शाबूत असल्याचं सांगितलं. ताईंचं मत वेगळं आहे, पण त्या डॉक्टर नाहीत, नर्स होत्या. यापूर्वी मी कुठे काही लिहून ठेवलेलं सापडलं, तर ते रद्द समजावं.

कलम एक. राहतं घर मुलाला आणि सुनेला निम्मं-निम्मं. सुनेचा हिस्सा मुद्दाम वेगळा लिहिला आहे, कारण गळकी टाकी, वाळवी आणि प्लंबर यांच्याशी झुंजते ती. चिरंजीवांना मेन स्विच कुठे आहे तेसुद्धा माहीत नाही. अट एकच: मागची खोली ताईंची, त्यांच्या हयातीत कुणी त्यांना तिथून हलवायचं नाही. ताई म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहीण. पत्नी गेली तेव्हा त्या 'चार दिवस' म्हणून आल्या. ते चार दिवस अजून चालू आहेत, आणि देवाच्या कृपेने चालूच राहोत.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणासाठी. तिने काय शिकावं यात कुणीही नाक खुपसू नये. आजोबांनी खुपसलं नाही, इतरांनी तर मुळीच नको.

कलम तीन. माझा जुना माईक माझ्या ध्वनिमुद्रक मित्राला. इतकी वर्षं तो मागत होता आणि मी देत नव्हतो, कारण एका समारंभात त्याने भर सभेत माझ्या खोकल्याचं रेकॉर्डिंग वाजवलं होतं. आता माफ केलं. मेल्यावर कसला राग ठेवायचा?

कलम चार. 'वीजमाणूस' मालिकेच्या निर्मात्याला काहीही देऊ नये. हा राग मी ठेवला आहे.

कलम पाच. माझा आवाज. हे कलम लांब होईल, वकिलांनी धीर धरावा.

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीजमाणूस हा अंगातून वीज सोडून लोकांना वाचवणारा नायक. मुखवट्याच्या आत नट दुसरा, आवाज माझा. मुखवट्याने तोंड पूर्ण झाकलेलं, त्यामुळे ओठ जुळवायची भानगडच नव्हती. चित्रीकरण उरकल्यावरही त्याच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालता यायचं. लेखक मंडळी तर मी माईकसमोर उभा असताना कागद बदलायची. सगळ्यांची मोठी सोय होती.

मग बोगद्याचा भाग आला. बोगदा कोसळतो, आत माणसं अडकतात, आणि जमिनीखाली वीजमाणसाची वीज चालत नाही. तो तोंडाशी उभा राहतो, आतल्या हाका ऐकतो, "मला भीती वाटतेय" म्हणतो आणि चक्क पळून जातो. उजाडल्यावर परत येतो. तेव्हाही वीज नसते, हातात नुसतं फावडं असतं. तो खणत राहतो. काही माणसं जिवंत निघतात, काही निघत नाहीत.

अहो, काय गहजब झाला! निम्मे लोक म्हणाले, असला भेकड नायक हवाय कुणाला. निम्मे म्हणाले, हाच खरा. आमच्या घरातही दोन तट पडले. म्हणजे एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ताई. त्यांचा जन्म अपघात विभागात गेला. "भावोजी, आमच्या वॉर्डात भीती सगळ्यांनाच वाटायची," त्या म्हणाल्या. "पळालं कोण? कुणी नाही. तुमचा तो पळपुटा आहे, पळपुटा!" मी म्हणायचो, अहो, पण परत आला ना? वीज असताना कुणीही शूर होईल. हा नुसत्या फावड्यानिशी आला! ताई ताट उचलून आत जायच्या. हा वाद आमच्याकडे जेवणाइतकाच नियमित झाला.

निर्मात्याने मला बोलावलं. "मुखवटा आहेच ना," तो म्हणाला. "भीतीचं वाक्य काढू. 'मी मदत आणायला जातोय' एवढं बोला, की पुन्हा दाखवताना काम फत्ते." मी म्हणालो, नाही बोलणार. तो म्हणाला, दुसरा आणीन. मी म्हणालो, खुशाल आणा, पोरंसोरंसुद्धा आवाज ओळखतील. मालिकेतून मला काढलं. नव्या माणसाने पहिलं वाक्य उच्चारलं आणि खरोखरच पोरांनी ओळखलं. तक्रारींचा असा पाऊस पडला, की निर्मात्याने जुना भाग गुपचूप जागेवर ठेवला. मला परत बोलावलं नाही ते नाहीच. त्याचं मला तिळमात्र दुःख नाही.

आता नवी कंपनी ती मालिका पुन्हा काढते आहे. गेल्या आठवड्यात त्यांचा अधिकारी लॅपटॉप घेऊन आला. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांच्या यंत्राने माझा आवाज बनवला आहे, मी सही केली की झालं. त्याने नमुना लावला. माझाच आवाज माझ्याच खोलीत म्हणाला, "मी मदत आणायला जातोय." हुबेहूब मी, आणि शब्द त्या निर्मात्याचे!

मुलाचे डोळे भरून आले. "बाबा, द्या ना सही," तो म्हणाला. "शाळेत सगळे मला पळपुट्याचा पोरगा म्हणायचे. आता तरी तो चांगला होऊ दे." हे त्याने इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. माझा हात पेनाकडे गेला, खोटं कशाला बोलू? पोटच्या पोरासाठी माणूस काय करत नाही?

तेवढ्यात ताई हात पुसत बाहेर आल्या. "हा कोण बोलतोय?" अधिकारी हसून म्हणाला, "वीजमाणूस, आजी. आता तो पळत नाही."

"पळत नाही कसा? पळाला होता! मी बघितलंय!" ताई कडाडल्या. "आणि सकाळी फावडं घेऊन आला तेही बघितलंय. तो पळालाच नसेल, तर परत आला कुठून, मेल्या?"

मग ताई मुलाजवळ बसल्या. "पळपुट्याचा पोरगा म्हणाले ना तुला? मग सांगायचं होतंस, परत आलेल्याचा पोरगा म्हणा."

मुलानेच लॅपटॉप मिटला आणि अधिकाऱ्याच्या हातात दिला. इतकी वर्षं जे मी घसा फोडून सांगत होतो, ते माझ्या कट्टर विरोधकाने एका वाक्यात सांगितलं. मी उठून टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "वाजवू नका, मी काही तुमच्या बाजूची झाले नाही."

तेच तर मला हवं आहे! म्हणून माझ्या आवाजाचे, जुन्या रेकॉर्डिंगचे आणि त्यावरून यंत्राने बनवलेल्या प्रत्येक शब्दाचे सर्व हक्क मी ताईंना देत आहे. त्यांच्यामागे ते हक्क मुलाला. वीजमाणसावर प्रेम करणारे त्याला धुऊनपुसून चकाचक करतील. त्याचं पळणं पुसू न देणारं माणूस या घरात एकच आहे, आणि परत येणंही त्याच माणसाच्या ताब्यात सुरक्षित आहे.

वरील मजकूर मी वाचला, मोठ्याने वाचला, आणि माझ्या आवाजात तो चांगला वाटतो. माझ्यादेखत साक्षीदारांनी, आणि साक्षीदारांदेखत मी सही केली.

स्थळ: राहतं घर, पुढची खोली.
दिनांक: आज, रविवार, चहानंतर.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार: (१) घरचे डॉक्टर (२) तळमजल्यावरचे चष्मेवाले

शेवटच्या पानाच्या तळाशी, वेगळ्या अक्षरात:

कलम पाच मला मान्य. तो भेकड होता आणि भेकडच राहील. कुणी त्याच्या एका शब्दाला हात लावून दाखवावा.
सही: ताई